मातीची जनावरं: प्राचीन मेसोअमेरिकेच्या भांड्यांवरचे प्राणी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयाचे फोटो कुणाला दाखवले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "किती गोड कुत्रा!" आणि दुसरी: "हा जग्वार देव का?" दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण थोडंच. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

मेसोअमेरिका म्हणजे नक्की कुठला भाग? पेरू त्यात येतो का?

येत नाही. मध्य मेक्सिकोपासून दक्षिणेला ग्वाटेमाला, बेलीझ, एल साल्वादोर आणि होंडुरासचा पश्चिमेकडचा भाग, एवढा हा पट्टा. इंका, माचू पिचू, मोचे लोकांची माणसाच्या चेहऱ्याची भांडी हे सगळं दक्षिण अमेरिकेतलं, वेगळं प्रकरण. इंटरनेटवर दोघांचे फोटो सर्रास एकाच पानावर टाकलेले असतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

काळ म्हणाल तर इ.स.पू. दीड हजारच्याही आधीपासून ते १५२१ पर्यंत. त्या वर्षी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिश फौजेच्या हाती पडली. म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षं, आणि ओल्मेक, सापोतेक, माया, तोल्तेक, अझ्टेक असे कितीतरी समाज. "मेसोअमेरिकन लोक जग्वारला देव मानत" हे वाक्य "आशियातले लोक भात खातात" इतपतच उपयोगाचं आहे.

त्यांच्याकडे कुंभाराचं चाक नव्हतं म्हणतात. मग ही भांडी घडवली कशी?

हातानं. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, आतून-बाहेरून थापून सांधे बुजवायचे. पुढच्या काळात साचेही आले, विशेषतः छोट्या मूर्तींसाठी. झिलई, म्हणजे भांड्यावर भाजून बसवलेला काचेसारखा थर, त्यांना माहीत नव्हती. पातळ कालवलेल्या रंगीत मातीचा हात द्यायचा, ती अर्धवट सुकली की गुळगुळीत गोट्यानं घोटायची आणि भाजायची. चांगलं घोटलेलं भांडं संग्रहालयाच्या दिव्याखाली तेल लावल्यासारखं चमकतं.

झिलईच्या सर्वांत जवळ गेलेला माल म्हणजे प्लम्बेट. नावावरून शिसं वाटतं, पण त्यात शिसं नाही. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतल्या चियापासच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विशिष्ट मातीला भाजताना आपोआप काचेसारखा, राखाडी, धातूसारखा तुकतुकीतपणा यायचा. इ.स. ९०० ते १२०० च्या सुमारास हा माल दूरदूर विकला गेला, आणि त्यात टर्की, कुत्रा अशा प्राण्यांच्या आकाराची भांडी भरपूर आहेत.

चाक नव्हतं, पण चाकांवरची खेळणी सापडली आहेत ना?

सापडली आहेत. एकोणिसाव्या शतकात देझिरे शार्ने या फ्रेंच प्रवाशाला असं एक मिळालं, तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. मग १९४० च्या आसपास मॅथ्यू स्टर्लिंग या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाला मेक्सिकोच्या वेराक्रूझमधल्या ट्रेस सापोतेसला आणखी मिळाली. मातीचा कुत्रा किंवा तत्सम चौपाया, पायांना भोकं, त्यातून आस आणि त्याला मातीच्या चकत्या.

म्हणजे चाक सुचलं होतं, पण गाडी ओढायला बैल नाही, घोडा नाही, गाढव नाही. ओझं माणसाच्या पाठीवर, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यानं. ही खेळणी होती की पूजेतली, यावर वाद आहे. आपल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले चाकांवरचे ब्राँझचे हत्ती, गेंडा आणि रेडा पाहूनही हाच प्रश्न पडतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, कोडं मात्र तेच.

भांड्यांवर कुठले प्राणी दिसतात?

घोडा, गाय, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी हे शोधू नका. ते स्पॅनिश लोकांबरोबर आले. मध्य मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहरात सापडलेलं, शिंपल्यांनी जडवलेलं पक्ष्याच्या आकाराचं एक भांडं "वेडी कोंबडी" या लाडक्या नावानं ओळखलं जातं. ते बनलं तेव्हा त्या खंडातल्या कुणी कोंबडी पाहिलेली नव्हती.

पाळीव म्हणाल तर मुख्यतः कुत्रा आणि टर्की. बाकी रानातलं आणि पाण्यातलं: जग्वार, हरीण, माकड, ससा, वटवाघूळ, घुबड, गिधाड, मकाव (मोठा रंगीत पोपट), हमिंगबर्ड, मगर, कासव, बेडूक, साप, खेकडा, मासे.

बदकं आणि मासे तर फार जुने. मेक्सिको सिटीला लागून त्लातिल्को म्हणून जागा आहे. तिथे वीटभट्टीसाठी माती खणणाऱ्या मजुरांना १९३० नंतरच्या काळात थडगी लागायला लागली. निघालेल्या वस्तू ते विकायचे. चित्रकार मिगेल कोवारुबियास त्या विकत घेता घेता त्यात इतका गुंतला की १९४२ मध्ये तिथे रीतसर उत्खनन सुरू झालं. इ.स.पू. १२०० ते ९०० च्या काळातली ही भांडी. त्यातला पोट फुगलेला, तोंड वासलेला मासा एकदा पाहावाच. डोळा, कल्ला आणि शेपटी एवढंच नीट केलंय, आणि तेवढ्यात तो मासा पुरा झालाय.

कोलिमाची ती लठ्ठ लाल कुत्री: नक्की काय भानगड आहे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर.

पश्चिम मेक्सिकोत कोलिमा, हालिस्को आणि नायारित या भागांत इ.स.पू. ३०० ते इ.स. ३०० च्या आसपास मृतांना पुरण्याची खास पद्धत होती. विहिरीसारखा उभा खड्डा खणायचा आणि तळाशी बाजूला खोली कोरायची. प्रेताबरोबर मातीच्या मोठ्या पोकळ मूर्ती ठेवायच्या. त्यात योद्धे, बायका, घरं आणि कोलिमात कुत्री, भरपूर कुत्री.

एखाद्याकडे जवळून पाहा. पाय आखूड, पोट पिंपासारखं टम्म. कान ताठ. अंगावर केसांची एकही रेघ नाही, फक्त घोटून घोटून आणलेली लाल तकाकी, आणि तिच्यावर शेकडो वर्षं जमिनीत राहून आलेले काळे ठिपके. शेपटीच्या जागी किंवा डोक्यावर तोटी, कारण मुळात हे भांडं आहे. कुणी झोपलंय, कुणी दात विचकतंय, कुणाच्या तोंडात मक्याचं कणीस. दोन कुत्री मागच्या पायांवर उभी राहून नाचल्यासारखी करताहेत. आणि एका प्रसिद्ध कुत्र्याच्या तोंडावर चक्क माणसाचा मुखवटा आहे.

हे केस नसलेले कुत्रे म्हणजे आजच्या शोलोइत्सक्विंत्ले जातीचे पूर्वज, असं सहसा सांगितलं जातं. त्यावर लगेच दुसरी गोष्ट येते: मेलेल्याच्या आत्म्याला कुत्रा नदीपार नेतो. ही गोष्ट खरी आहे, पण ती अझ्टेकांची. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्यानं नाहुआ लोकांच्या, म्हणजे अझ्टेकांची भाषा बोलणाऱ्यांच्या, मदतीनं ती लिहून ठेवली. पाताळाच्या वाटेवर रुंद नदी लागते, आणि ती पार करून देणारा कुत्रा पिवळसर रंगाचाच लागतो. पांढरा म्हणतो, मी आत्ताच अंघोळ केलीय. काळा म्हणतो, मी आत्ताच रंग लावून घेतलाय. मस्तच आहे ही गोष्ट. पण ती लिहिली गेली तेव्हा कोलिमातली ती थडगी बुजून हजाराहून जास्त वर्षं झाली होती. जुळतं खरं, पण पुरावा म्हणून ते पुरत नाही. संग्रहालयातल्या पाट्यांवर "आत्म्याचा वाटाड्या" असं ठासून लिहिलेलं दिसलं की मला जरा खटकतं.

ते लोक कुत्रे खात होते का?

होय. मेक्सिकोत शिरलेल्या एर्नान कोर्तेस या स्पॅनिश सेनानीनं तिथल्या बाजाराचं वर्णन केलंय, त्यात खाण्यासाठी पाळलेल्या छोट्या कुत्र्यांचा उल्लेख आहे. त्यामुळे थडग्यातला गुबगुबीत कुत्रा परलोकीची शिदोरी असू शकतो, सोबती असू शकतो, वाटाड्याही असू शकतो. बैलाची पूजाही करणारा आणि त्याला औतालाही जुंपणारा आपला समाज आहे. एका जनावराला एकच अर्थ असला पाहिजे हा हट्ट नको.

मग खात्रीनं का नाही सांगता येत?

कारण बहुतेक थडगी पुरातत्त्वज्ञांच्या आधी चोरांनी उघडली. भांडं कोणाजवळ ठेवलं होतं, डोक्याशी की पायाशी, त्यात काही भरलेलं होतं का, हे सगळं त्या खड्ड्यातच नष्ट झालं. हालिस्कोतल्या उइत्सिलापा इथे १९९३ मध्ये एक न फोडलेलं थडगं मिळालं, सुमारे साडेसात मीटर खोल, आत सहा माणसं. त्या एका थडग्यानं जेवढं सांगितलं तेवढं शेकडो देखण्या पण बेवारशी मूर्तींनी सांगितलेलं नाही.

सगळीकडे जग्वारच का?

"सगळीकडे" हा काही अंशी अभ्यासकांचा दोष आहे. एके काळी ओल्मेक भांड्यांवर कोरलेलं प्रत्येक वाकडं तोंड जग्वारचं ठरवलं जायचं. पुढे बारकाईनं पाहिल्यावर त्यात मगर निघाली, शार्कसारखा मासा निघाला, साप निघाला.

तरी जग्वारला मान होताच. रात्री शिकार करतो, झाडावर चढतो, पाण्यात पोहतो. आपल्या वाघासारखाच, पण बांधा अधिक ठेंगणा आणि जबडा भयानक. माया राजे जग्वारच्या कातड्यावर बसत. मावळलेला सूर्य रात्री पाताळातून जाताना जग्वारचं रूप घेतो, अशी कल्पना होती. ओळखायची खूण सोपी: अंगावर काळी वर्तुळं आणि काही वर्तुळांच्या आत ठिपका. चित्रकार घाईत असला तर तेवढेच डाग टाकून मोकळा व्हायचा. माणसाच्या गालावर, हातापायांवर असे डागाळलेले ठिगळ दिसले तर तो बहुधा माया पुराणकथेतल्या जुळ्या वीरांपैकी श्बालान्के.

आकारात पाहायचा तर कोस्टारिकाच्या वायव्येला, मेसोअमेरिकेच्या अगदी कडेला बनलेली जग्वार-भांडी पाहा. पांढरट अंगावर लाल-काळी नक्षी, जग्वार गुडघ्यांवर हात ठेवून उकिडवा बसलेला. पाय पोकळ आणि आत मातीच्या गोळ्या. भांडं हललं की जग्वार खुळखुळतो.

म्हणजे ही भांडी वाजायची?

पुष्कळशी. खुळखुळे, शिट्ट्या, ओकारिना (फुंकून वाजवायचं मातीचं छोटं वाद्य) यांत पक्षी आणि बेडकांचे आकार खूप. साच्यातून काढलेल्या माया मूर्तींच्या पाठीत फुंकायचं भोक असतं. संग्रहालयात काचेआड मूक उभ्या असलेल्या या वस्तू मुळात आवाज करायला बनवलेल्या आहेत, हे सहज विसरलं जातं.

माया भांड्यावर ससा लिहायला बसलाय असं ऐकलं. खरं का?

खरं, आणि माझ्या मते मेसोअमेरिकेतल्या मातीवरचा हा सर्वांत लोभस प्राणी. भांड्याला प्रिन्स्टन व्हाझ म्हणतात. आठव्या शतकाच्या आगेमागे रंगवलेला, जेमतेम वीतभर उंचीचा सरळसोट पेला. तो हातात फिरवत पाहायचा असतो.

एका महालात पाताळातला म्हातारा देव सिंहासनावर बसलाय. अभ्यासक त्याला इंग्रजी L अक्षरावरून "एल देव" म्हणतात. डोक्यावर घुबडाची टोपी. एका बाईच्या मनगटाला तो कडं बांधतोय, भोवती आणखी चौघी. एक जण उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून चॉकलेट ओततेय, फेस यावा म्हणून. आपल्याकडे चहा वर-खाली करतात तसंच. पलीकडे मुखवटे घातलेले दोघे एका बंदिवानाचं मुंडकं उडवताहेत. म्हाताऱ्याचं तिकडे लक्ष नाही. एक बाई शेजारणीचा पाय हळूच दाबून तिला ते दाखवतेय. आणि सिंहासनाच्या खाली, या सगळ्या गदारोळात, एक ससा हातात कुंचला धरून जग्वार-कातड्याच्या पुठ्ठ्याच्या पोथीत शांतपणे लिहितोय.

ससाच का, याचा सुगावा दुसऱ्या एका भांड्यावर लागतो. तिथे सशानं याच म्हाताऱ्याचे कपडे आणि टोपी पळवलीय आणि तो उघडाबोडका सूर्यदेवापुढे तक्रार करतोय. ससा सूर्यदेवाच्या पायामागे लपलाय. म्हणजे हा ससा चोरटा, खोडकर. तो इथे कारकुनी करता करता काय कट शिजवतोय, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि हो, चंद्रावरचा ससा त्यांनाही दिसायचा. माया चंद्रदेवी हातात ससा धरून बसते. अझ्टेकांच्या गोष्टीत देवांनी चंद्राच्या तोंडावर ससा फेकून मारला, म्हणून त्याचं तेज कमी झालं. आपला शशांक वेगळा जन्मला, पण डाग तोच.

माकडांच्या हातातही कुंचला का असतो?

किचे माया लोकांच्या पोपोल वुह या ग्रंथात जुळ्या वीरांना दोन मोठे सावत्र भाऊ आहेत: कलाकार, लेखक, गवई, आणि भलते मत्सरी. जुळे त्यांना झाडावर चढवतात, झाड उंच उंच होत जातं, उतरता येईना. लंगोट सोडून मागे लोंबत ठेवा, असा सल्ला जुळे देतात. लंगोटाच्या शेपट्या होतात आणि भाऊ माकडं. तरी कलेचा वारसा त्यांच्याकडेच राहिला, म्हणून माया भांड्यांवर लेखनाचे देव माकडतोंडे आहेत. हा ग्रंथ सोळाव्या शतकात लिहिला गेला, ही चित्रं त्याच्या सात-आठशे वर्षं आधीची. इथे मात्र दोन्हींचा धागा पुरेसा घट्ट आहे.

कडेला कोरलेला तो मासा म्हणजे काय?

बहुधा अक्षर. माया पेल्याच्या काठाखाली एक ओळ असते: हे भांडं कशाचं, कोणाचं, कशासाठी. त्यात "ककाव", म्हणजे कोको, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. "क" हा उच्चार दाखवायला मासा किंवा त्याचा पर काढतात. दोनदा "क" लिहायचा कंटाळा आला तर माशाला दोन बारीक ठिपके द्यायचे, की वाचणारा "कक" असं वाचतो. जुन्या मराठी हस्तलिखितांत शब्दापुढे "२" टाकून पुनरुक्ती दाखवायचे, तसाच हिशेब. १९८० च्या दशकात माया लिपीचा अभ्यासक डेव्हिड स्टुअर्टनं हा शब्द वाचला. ग्वाटेमालातल्या रिओ असुलच्या थडग्यातलं, झाकण फिरवून बसवायचं एक भांडं हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासलं, तर आतल्या अवशेषांत खरोखर कोको निघाला. मासा खरं बोलत होता.

अर्धे साप, अर्धे हरीण, पेटलेली वटवाघळं: हे कोणते देव?

देव म्हणण्यापेक्षा "वाय" म्हणा. या शब्दाचा झोपेशी आणि स्वप्नाशी संबंध आहे. ग्वाटेमालातल्या आल्तार दे साक्रिफिसियोसला १९६२ मध्ये एक भांडं सापडलं. त्यावर नाचणाऱ्या विचित्र आकृती. आधी वाटलं, अंत्यविधीला आलेले परगावचे पाहुणे असतील, सोंग घेतलेले. १९८९ च्या सुमारास स्टीफन ह्यूस्टन, स्टुअर्ट आणि स्वतंत्रपणे निकोलाय ग्रुबे यांनी त्या आकृतींशेजारचं चिन्ह वाचलं: अमक्या गावच्या राजाचा हा "वाय". म्हणजे पाहुणे नव्हेतच, ही राजांची रात्री हिंडणारी रूपं किंवा त्यांच्या ताब्यातल्या शक्ती. आता काहींचं म्हणणं असं की ही रोगराई आणि करणी यांची रूपं असावीत. एका चिन्हानं अख्खी अंत्ययात्रा भुताटकीत बदलली.

कोपानला हत्ती कोरलेत म्हणे. आणि माया म्हणजे आपला मयासुरच ना?

नाही, दोन्ही नाही. होंडुरासमधल्या कोपानच्या एका शिलास्तंभावर वर दोन सोंडेसारखे आकार आहेत. ग्राफ्टन एलियट स्मिथ या शरीरशास्त्रज्ञानं ते भारतीय हत्ती ठरवून १९२४ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. ते मकाव आहेत. बाकदार चोच, डोळ्याभोवतीची वर्तुळं, सगळं जागच्या जागी. हत्ती पाहायची इच्छा असली की चोचीची सोंड होते. "माया" हे नाव युकातान भागातलं आहे. मयासुराच्या नावाशी असलेलं साम्य केवळ कानाला जाणवणारं आहे. व्हॉट्सॲपवर दर दिवाळीला फिरणारा तो मेसेज पुढे पाठवू नका.

मेक्सिकोला गेलो तर एखादं जुनं भांडं विकत घेता येईल का?

नाही. १९७२ च्या कायद्यानं तिथल्या स्पॅनिशपूर्व वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत. कुणी हळूच "शेतात सापडलंय" म्हणून दाखवलं तर तो गुन्हा तरी असतो किंवा नक्कल तरी. नकला किती बेमालूम असतात याचा किस्सा ब्रिहिदो लाराचा. वेराक्रूझच्या या कारागिराला १९७४ मध्ये प्राचीन वस्तूंच्या चोरीबद्दल पकडलं. तो म्हणाला, चोरल्या नाहीत, मीच केल्या. कुणी ऐकेना, तेव्हा त्यानं तुरुंगात माती मागवून घेतली आणि तशाच मूर्ती करून दाखवल्या. सुटला, आणि पुढे हलापाच्या संग्रहालयात कामाला लागला. त्याच्या हातच्या किती मूर्ती "प्राचीन" म्हणून काचेआड आहेत, हा प्रश्न आजही लोकांची झोप उडवतो.

राजरोस घ्यायचं असेल तर नवं घ्या. उत्तर मेक्सिकोतल्या पाकिमे या प्राचीन वस्तीच्या जुन्या खापरांवरचे मकाव आणि साप पाहून हुआन केसादा या कुंभारानं माता ओर्तिस गावात तीच हातघडाई स्वतःच्या प्रयोगांतून पुन्हा उभी केली. २०२२ मध्ये तो वारला, पण गावातली कितीतरी घरं आज त्यावर चालतात.

प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळेल?

मेक्सिको सिटीचं राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय आधी. तिथेच चित्रकार दिएगो रिवेरानं जमवलेल्या वस्तूंचं आनाउआकाली आहे, काळ्या ज्वालामुखी दगडाचं. ओआहाकाला चित्रकार रुफिनो तामायोचा संग्रह, ग्वाटेमाला सिटीत पोपोल वुह संग्रहालय.

अमेरिकेतल्या मंडळींना इतकं लांब जायला नको. लॉस एंजेलिसच्या काउंटी संग्रहालयात पश्चिम मेक्सिकोची कुत्री भरपूर आहेत. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्यांना तर तो ससा घराजवळच आहे, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात. जाण्याआधी तो सध्या दालनात मांडलेला आहे का, ते फोन करून विचारून घ्या. मुलांना नेत असाल तर आधी सांगू नका. पेल्याभोवती एक पूर्ण चक्कर मारा, मुंडकं उडवणारे दिसल्यावर थांबू नका, आणि सिंहासन आलं की खाली वाका.